आठवणीचा पन्हा

लहानपणाची आठवण सांगा म्हटलं की माणूस प्रसंग सांगतो. जत्रेत हरवलो होतो, विहिरीत पहिल्यांदा उडी मारली, आजोबा गेले त्या दिवशी शाळेतून मधूनच घरी आणलं. गोष्ट लिहायची तर हे सगळं सोनं आहे. कापडाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. प्रसंग एकदाच घडतो आणि त्याचं सगळं मोल त्या एकदाच घडण्यात असतं. कापडावरचा नमुना वीतभर अंतरावर पुन्हा येतो, आणि पाच-साडेपाच मीटर येतच राहतो. जत्रेत हरवलेलं मूल साडीभर छापलं तर त्याची भीती दुसऱ्या-तिसऱ्या घडीतच विरते आणि उरतं ते रडक्या चेहऱ्याचं चित्र. म्हणून स्वतःच्या बालपणातून कापड घडवू पाहणाऱ्याने प्रसंग तात्पुरते बाजूला ठेवावेत. रोज डोळ्यांसमोर होतं, पण मुद्दाम कधी पाहिलं नाही, ते शोधावं. या पुस्तकाचा आग्रह हाच आहे आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच आग्रहातून आली आहेत.

मूल जमिनीजवळ राहतं. त्याचे डोळे दोन-अडीच फुटांवर असतात आणि दिवसाचा मोठा भाग बसून, लोळून, रांगून जातो. त्यामुळे मोठ्यांना घराचा दर्शनी भाग आठवतो, तर मुलाला उंबऱ्याची झिजलेली कड, खाटेच्या नवारीची उलटसुलट वीण, आईच्या साडीचा काठ आणि त्याखालची जोडवी. शेणाने सारवलेली जमीन आठवून पाहा. सारवणारी बाई मागे सरकत जाते. हात पोचेल तेवढा एक अर्धगोल उमटतो, त्याला लागून दुसरा, आणि पुढची रांग धरली की तिचे अर्धगोल आधीच्या रांगेच्या सांध्यांवर येऊन बसतात. नमुना असा अर्धा सरकवून मांडणं कापडाचे डिझायनर मेहनतीने शिकतात. सारवणारीने तो बेत केलेला नसतो, तिच्या हाताच्या लांबीने आणि कामाच्या लयीने तो होतो. त्या जमिनीवर दुपारी कौलांच्या फटीतून उतरलेले कवडसे पडत. एवढ्या एका आठवणीतून साडीही निघते आणि ओढणीही.

शहरात वाढलेल्यांनी हिरमुसू नये. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत, चाळींत, वाड्यांच्या माडीवर नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या होत्या. परदेशी फरशीला देशी पर्याय म्हणून 1922 मध्ये भारत फ्लोरिंग टाइल्स हा कारखाना सुरू झाला, आणि तशा फरश्यांवर कित्येक पिढ्यांनी पालथं पडून गृहपाठ केला. एका फरशीवर फुलाची एक पाकळी, चार फरश्या जुळल्या की फूल पुरं. ज्या मुलाने त्या रेषांवरून बोट फिरवत दुपार काढली, त्याला नमुना म्हणजे काय हे हाताला ठाऊक असतं. चाळीच्या कठड्याचे उभे लाकडी गज, एसटीच्या खिडकीतून धावणारे तारेचे खांब, शाळेच्या भिंतीवरचा निम्म्यापर्यंतचा तेलरंगाचा पट्टा, जाळीच्या कपाटाची जाळी, वळचणीला टांगलेल्या लसणाच्या जुड्या. यांतलं काहीही कोणी आठवण म्हणून सांगत नाही. कापडासाठी तेच हवं.

आठवण भरवशाची नसते, आणि या कामात त्याचा फायदाच होतो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्ये स्मरणावर जे पुस्तक लिहिलं त्यात चित्रांचे काही प्रयोग आहेत. एकाने चित्र पाहायचं आणि आठवून काढायचं, ते पाहून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतलं घुबड अशा हातांतून जाता जाता शेवटी मांजर झालं. प्रत्येकाने आपल्या ओळखीचं काही त्यात घातलं, अनोळखी ते गाळलं. आपलं मनही एकट्याने हाच उद्योग वर्षानुवर्षं करत असतं. आजीचा पितळी डबा आठवणीत खरा होता त्यापेक्षा मोठा होतो, त्याच्या झाकणावरची नक्षी साधी होत जाते, कडी मात्र नको इतकी स्पष्ट राहते. म्हणून पहिल्या प्रकरणातलं काम असं आहे : फोटो न पाहता, वस्तू समोर न ठेवता आठवेल तसं काढायचं. भावंडं असतील तर त्यांनाही वेगळं बसवून काढायला सांगायचं. मग मूळ वस्तू शोधायची आणि शेजारी ठेवायची. जिथे चित्र चुकलं असेल तिथे खोडरबर घेऊ नये. मनाने जे मोठं केलं, जे टाकून दिलं, त्यातच तुमचा नमुना आहे. फोटोवरून हुबेहूब उतरवलेला डबा कोणाचाही असू शकतो.

हा मार्ग नवा नाही. विल्यम मॉरिस यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कापडाची आणि भिंतीच्या कागदांची जी नक्षी घडवली, तिच्यातली दाट पानं जगभर ओळखली जातात. लहानपणी एपिंगच्या जंगलातल्या राणी एलिझाबेथच्या शिकारघरात फिकुटलेल्या हिरव्या पानांच्या पडद्यांची एक खोली त्यांनी पाहिली होती, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर दिलेल्या व्याख्यानात तिचा ठसा किती खोल होता ते त्यांनी सांगितलं. त्यांचा 1883 चा स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचा छापही परसातल्या रोजच्या दृश्यावरून आलेला. पक्षी फळं पळवत, ते त्यांनी नीळ आणि विरंजनाच्या वेळखाऊ पद्धतीने कापडावर आणलं. आपल्याकडे 1956 पासून वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या सरकारी केंद्रांनी चित्रकारांना कापडाच्या कामात ओढलं. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे त्यांतल्याच वाराणसीच्या केंद्रात साठच्या दशकात काम करत होते. पान, घड्याळ, सेफ्टी पिन, पीस अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत ज्या एकांड्या गांभीर्याने येतात, ते पाहिलं की वस्तूकडे पाहणं हेच केवढं काम आहे हे कळतं. कापडाचं डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने ती चित्रं पाहावीत, असं मी आवर्जून सांगतो.

आता गोधडीबद्दल थोडं सविस्तर. महाराष्ट्रातल्या छापील कापडाचा सगळ्यात मोठा संग्रह गोधड्यांमध्ये आहे असं माझं ठाम मत आहे. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारायला घेतली तिथपासून 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपापर्यंत आणि त्यानंतरच्या पडझडीपर्यंत गिरणगावाने जे कापड बाहेर काढलं, ते घराघरांत नेसलं गेलं, विटलं, आणि शेवटी धावदोऱ्याखाली थरावर थर जाऊन बसलं. माझ्या आजीच्या एका गोधडीची शिवण उसवून आम्ही ती दुरुस्त करायला घेतली, तेव्हा आत काळसर जांभळ्या वायलवर पांढऱ्या ठिपक्यांची साडी निघाली, तिच्याखाली मातकट विटकरीवर बारीक पानं, तिच्याही खाली कोणाच्या तरी परकराचा तुकडा. आईने तो परकर ओळखला. तो तिचाच होता.

त्या थरांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. रोजच्या साड्यांची जमीन बहुधा मळखाऊ असते, बुट्टी लहान आणि जवळजवळ, म्हणजे डाग पडला, ठिगळ लागलं तरी नजरेत येऊ नये. रंग दोन, फार तर तीन, कारण छपाईत दर रंगाला वेगळी जाळी किंवा वेगळा रूळ लागतो आणि प्रत्येकाचा खर्च असतो. गिरण्यांच्या डिझाइन विभागांत कागदावर पोस्टर रंगांनी हे नमुने रंगवणाऱ्या चित्रकारांची नावं कापडावर कधी आली नाहीत. पण कोणत्या बाईला दिवसभर काय पेलवेल याची त्यांना नेमकी जाण होती. ही जाण घ्यावी. जुना नमुना स्कॅन करून तसाच्या तसा पुन्हा छापणं मला पटत नाही. गोधडीचीच आठवण कापडावर आणायची असेल तर धावदोऱ्याचे टाके घ्या, सुरकुतलेल्या चौकोनांच्या रांगा घ्या, विटलेल्या रंगांची शेजारशेजारची जुळणी घ्या.

नमुना कसा घडतो ते एका उदाहरणाने सांगतो. चिंचोका घेऊ. तो उभा फोडला की दोन फाका होतात. प्रत्येक फाक एका बाजूने तपकिरी, दुसरीने पांढरट. त्या उडवून पालथ्या किती, उताण्या किती यावर पटाच्या खेळातलं दान ठरायचं. चल्लसआठ, अष्टाचंग, गावागणिक नाव वेगळं. पाटावर किंवा ओट्याच्या फरशीवर खडूने काढलेली घरं, त्यांतल्या फुल्या, हातातून सांडलेल्या फाका. डिझाइन करणाऱ्याला पहिला मोह होतो तो खेळणारी मुलं काढण्याचा. ती गाळा. पट काढण्याचाही होतो. तोही गाळून पाहा. नुसत्या फाका उरल्या : काही गडद, काही फिक्या, कोणत्याही दोन एका कोनात न पडलेल्या. खऱ्या फाका उडवून वहीच्या कागदावर जिथे पडतील तिथे पेन्सिलने त्यांची कड आखा. हाताने मुद्दाम विखुरलेल्या आकारांत एक कृत्रिम सारखेपणा येतो. खऱ्या दानात तो नसतो, कुठे तिघी चिकटून पडतात, कुठे मोकळी जागा राहते.

मग तो कागद मधोमध उभा आणि आडवा कापून चार तुकडे करा आणि तुकड्यांची जागा तिरकी बदला. कागदाच्या बाहेरच्या कडा आता मध्यभागी येतात आणि जिथे रिकामं राहिलं ते दिसतं. तिथे भर घाला. असा चौकोन कोणत्याही बाजूने स्वतःला जोडला जातो. याला धंद्यात रिपीट म्हणतात. तो सरळ रांगांत मांडला तर लांबून कापडावर आडवे-उभे पट्टे दिसू लागतात, आणि नको ती मोकळी जागा दर वेळी त्याच ओळीत येऊन खटकते. शेजारचा रकाना अर्ध्या उंचीने खाली सरकवला की डोळ्याला जोड सापडत नाही. सारवणाच्या अर्धगोलांत आपण पाहिलं ते हेच. नमुना पुरा झाल्यावर लहान करून आठ-दहा वेळा जोडून भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. हातात धरून जे सुंदर वाटलं ते तिथून कधी कधी गोंधळ दिसतं.

चिंचोक्याची निवड मी उगाच केलेली नाही. चिंचोक्याची पूड कापडाला खळ म्हणून आणि छपाईच्या रंगाला दाटपणा यावा म्हणून वापरतात. ज्या बीने मूल खेळलं तीच रंग पसरू न देता कापडावर धरून ठेवते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता आणि अजून होतो.

एक गोष्ट मात्र मनापासून टाळावी. बैलगाडी, तुळशीवृंदावन, कंदील, नथ, गावाकडची विहीर ही बालपणाची जी तयार चित्रं बाजारात फिरतात, ती तुमच्या घरी खरोखर असतील तर अवश्य घ्या, पण नसतील तर कशासाठी? डोंबिवलीच्या इमारतीत वाढलेल्या मुलीच्या आठवणीत गॅलरीतल्या वाळत्या कपड्यांचे चिमटे असतात, पाण्याच्या वेळेला रांगेत मांडलेल्या बादल्या असतात. तिने तेच काढावं. वारली चित्रांचंही असंच. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणं हा वारली घरांतला लग्नाचा विधी. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती चित्रकला जगात पोचली. ज्या घरात ती जन्मली त्या घरच्या मुलांची ती आठवण आहे, बाकीच्यांनी ती पाहावी, विकत घ्यावी, आदर करावा, स्वतःची म्हणून छापू नये.

रंगांच्या बाबतीत बालपण फार नेमकं असतं. नीळ घातलेल्या चुन्याची निळसर भिंत, पाटीवर ओल्या फडक्याने पुसल्यावर येणारा काळा, एसटीचा लाल, रॉकेलच्या डब्याचा निळा, पावसाळ्यात छत्रीच्या कापडातून आलेला उजेड. शब्दांत लिहून ठेवा, मग रंग कालवा. डिजिटल छपाईत रंगांना मर्यादा नाही आणि नवख्या माणसाचं काम बहुतेक वेळा तिथेच बिघडतं. चार-पाच रंगांत स्वतःला बांधून घ्यावं. पडद्यावर दिसणारा लखलखीत हिरवा किंवा गडद निळा कापडावर तसाच्या तसा उतरत नाही, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कापड शाईने. त्यावर उपाय एकच : ज्या कापडावर छापायचं त्याच कापडावर आधी रंगपट्टी छापून घ्यावी आणि दिवसाच्या उजेडात पाहून रंग निवडावेत.

छपाईच्या पद्धतींवर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे निवडीपुरतं सांगतो. ठसेकाम हाताच्या मापाचं असतं. ठसा एका हाताने उचलता आला पाहिजे, म्हणून नमुनाही त्या बेताचा. गांधीनगरजवळच्या पेथापूरचे कारागीर सागवानात ठसे कोरतात, आणि राजस्थानात एका नमुन्याचे ठसे वेगवेगळे असतात : बाह्यरेषेचा रेख, जमिनीचा गद, मधल्या भरावाचा दत्ता. तुमची आठवण रेषा, जमीन आणि भराव अशी सहज वेगळी होत असेल तर तिच्यासाठी ठसा उत्तम. सांधा किंचित हुकतो, रंग कुठे दाट कुठे फिका लागतो, त्याने आठवणीचं काही नुकसान होत नाही. गिरणीच्या रोटरी छपाईत रुळाचा घेर सहसा 64 सेंमी असतो, त्यामुळे रिपीटला त्या मापाने नि:शेष भाग गेला पाहिजे, आणि कापडही शेकडो मीटर घ्यावं लागतं.

एक-दोन मीटर हवं असणाऱ्यासाठी डिजिटल छपाई हाच व्यवहार्य रस्ता. अमेरिकेत स्पूनफ्लॉवर कंपनीने 2008 पासून कोणाच्याही चित्राचं एक वार कापड छापून द्यायला सुरुवात केली, आणि आता मुंबई, सुरत, जयपूरमध्येही मीटरवर छापून देणारे सापडतात. त्यांना पहिला प्रश्न विचारा तो शाईचा. रिॲक्टिव्ह शाई सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडते. छापल्यावर कापड शंभर अंशांच्या आसपास वाफवावं लागतं आणि भरपूर धुवावं लागतं, पण रंग टिकतो आणि कापड मऊ राहतं. पिगमेंट शाई चिकटद्रव्याच्या आधाराने वर बसते, हाताला थोडी कडक लागते. सब्लिमेशन सुमारे 200 अंशांच्या उष्णतेने होतं आणि ते पॉलिस्टरवरच चालतं. रंग झळझळीत येतात, पण आपल्या उन्हाळ्यात ते कापड अंगावर ठेववत नाही. बालपणीच्या परकर-पोलक्याची आठवण पॉलिस्टरवर छापणं मला तरी जिवावर येतं. चित्र मूळ मापात 150 ठिपके प्रति इंच इतक्या बारकाईचं असलं तर पुरतं. कापडाच्या विणीत त्याहून बारीक काही धरत नाही.

कापड कशासाठी, हे नमुना काढण्यापूर्वी ठरलेलं असावं. बाळाच्या झबल्याचा पुढचा भाग वीतभर. तिथे वीतभर आकाराचा आकाशकंदील छापला तर शिंप्याच्या कात्रीखाली त्याचा अर्धा गळ्यात जाईल. साडीत मोठा आकार निऱ्यांत मिटतो आणि पदरावर पूर्ण उलगडतो, म्हणून पदराचा नमुना वेगळा विचारात घ्यावा. चिंचोक्याच्या फाकांना वर-खाली नाही, कापड कसंही फिरवून बेतता येतं. एकाच दिशेने चालणाऱ्या बदकांचं तसं नाही, त्यांना कापड जास्त लागतं आणि शिंप्याला आधी सांगून ठेवावं लागतं. पडदा लांबून पाहिला जातो, उशीचा अभ्रा गालाला लागतो.

घरापुरतं कापड छापणाऱ्याला कायद्याची काळजी नाही. विकायचं मनात असेल तर एवढं ध्यानात ठेवा : भारतात डिझाइन कायदा, 2000 खाली नमुन्याची नोंदणी करता येते, ती 10 वर्षांची असते आणि पुढे 5 वर्षं वाढते. नोंदणीयोग्य असून न नोंदवलेला नमुना औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त वेळा वस्तूंवर उतरला की त्यावरचा कॉपीराइट संपतो. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते आणि तिचा फटका छोट्या कारागिरांना बसतो.

पहिला मीटर कापू नये. तो धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, पुन्हा धुवा. सुती कापड आटतं, आणि गोल आकार आटल्यावर किंचित लांबट होतात. पांढऱ्या फडक्याबरोबर भिजवून रंग जातो का पाहा. मग तो मीटर ज्यांच्यासोबत ते बालपण गेलं त्यांच्या हातात काहीही न सांगता द्या. त्यांना वस्तू ओळखता आली नाही तरी चालेल, पण त्यांनी विचारलं पाहिजे, हे कुठेतरी पाहिलंय का मी. तेवढंही झालं नाही तर नमुन्यात अजून फोटो शिल्लक आहे. चिंचोक्याच्या उदाहरणाकडे परत या आणि एकेक तपशील गाळत चला. ते झाल्यावर उरलेलं कापड शिवायला टाका.